गवताच्या दारातून पायलचा प्रवेश

अंबरनाथ (पूर्व)
११ जानेवारी २००७

ती. दादा,

यशूचा सविनय जयभीम. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आपल्या शंकरची साखर जरा वर आहे, त्याच्या वेणूचा आवाज त्याहून वर आहे, आणि तुझी भाची (चुकले, पुतणी. मी आत्या असल्यामुळे सगळ्यांची नाती माझ्या बाजूनं मोजते) पायल गेले दहा-बारा दिवस आपल्या वडिलांशी, म्हणजे शंकरशी, बोलत नाही. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना अजून चहात दूध चालत नाही का?

तू पाठवलेला तो फोटो, ज्यात तू छोट्या ट्रॅक्टरसारख्या यंत्रावर टोपी घालून बसला आहेस आणि घरामागचं गवत कापतो आहेस, शंकरनं मोठा करून काचेत बसवला आहे. टीव्हीच्या वर लावलाय. पाहुण्याला पाणी देण्याआधी फोटो दाखवला जातो. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी बाळाजी दर वेळी विचारतो, ही गाडी किती ॲव्हरेज देते. हे पत्रही आपल्या रिवाजाप्रमाणे पाकिटात जाण्याआधी सगळे वाचणार आहेत, तेव्हा मधे कुणी डोकावलं तर रागावू नकोस.

आता मूळ विषय. पायल बारावीला आहे हे तुला माहीत आहेच. तुझ्या घरापासून दोन तासांवर जी ती मोठी युनिव्हर्सिटी आहे (वेणू म्हणते तिच्यात आपलं आख्खं अंबरनाथ मावेल आणि पार्किंगला बदलापूर लागेल), तिथे तिला कॉम्प्युटर शिकायला पाठवायचं, असं शंकरनं ती चौथीत असतानाच ठरवलं होतं. चौकशीसाठी आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये चंदर नावाच्या सिंधी गृहस्थाकडे गेलो. खाली त्याचा शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना आहे, वर परदेशी शिक्षणाचं ऑफिस. जिन्यात शिलाई मशीनच्या आवाजात त्यानं आम्हाला सगळं समजावलं. प्रवेशाच्या दोन फेऱ्या असतात. पहिली लवकरची, अर्ज नोव्हेंबरात, निकाल डिसेंबरात, आणि फीमध्ये भरघोस सूट मिळाली तर ती याच फेरीत. सूट नसेल तर आपल्याला अमेरिका ही पोस्टाच्या तिकिटावरच बघावी लागणार, हे शंकरला आणि मला न बोलता कळलं. अर्जात विषय लिहावा लागतो, आणि चंदरचं म्हणणं, सगळं त्या एका ओळीवर आहे. "दीदी, कॉम्प्युटर के काउंटर पे लाइन स्टेशन तक गई है. ऐसा काउंटर पकडो जहाँ साहब अकेला बैठके मक्खी मार रहा है. अंदर जाने के बाद सब्जेक्ट बदल लेना. दुकान में किसी भी शटर से घुसो, माल तो वही है ना साईं."

मग त्यानं विषयांच्या यादीवरून बोट फिरवलं. पहिल्यांदा ते कोंबडीपालनावर थांबलं. वेणू म्हणाली, माहेरी काय सांगू? नंतर पॅकिंग. शंकर म्हणाला, ते कॅम्प चारमध्ये फुकट शिकता येतं. मग बोट गवतावर थांबलं. मैदानं, हिरवळी, खेळपट्ट्या यांच्यासाठी गवत वाढवण्याचं शास्त्र. त्याची पदवी मिळते. शंकर एकदम म्हणाला, "गवत नको." का नको, विचारलं तर यादीचं पान उलटायला लागला. चंदरनं स्टेडियमचं नाव काढलं, मोठमोठ्या मॅचेस टीव्हीवर दिसतात म्हणाला, तेव्हा कुठे तो नरमला. (शंकर म्हणतो, हे लिहायची गरज नव्हती. लिहिलं आहे.)

अर्जाबरोबर एक निबंध लागतो, हाच विषय का घ्यावासा वाटतो यावर. चंदरकडे तयार निबंध होता, पण कॉम्प्युटरचा. त्यानं एका मिनिटात कॉम्प्युटर काढून सगळीकडे गवत घातलं आणि छापून माझ्या हातात दिलं, मी कॉन्व्हेंटची म्हणून इंग्रजी तपासायला. दादा, मी तो पेन्सिल घेऊन मन लावून वाचला. "लहानपणी मी तासन्‌तास गवतासमोर बसून असायचे. पाचवीत पहिली आले तेव्हा बाबांनी मला स्वतःचं गवत घेऊन दिलं. सुरुवातीला ते फार हळू चालायचं. आज गवताशिवाय बँका, रेल्वे, इस्पितळं बंद पडतील." व्याकरणाची एकही चूक नव्हती. आमच्या सिस्टर असत्या तर पैकीच्या पैकी दिले असते.

पायलनं तो फाडला. म्हणाली, खोटंच लिहायचं तर निदान गवत बघून लिहिते. तिथून आमच्या घराला गवत लागलं. मासळीबाजारातून थर्माकोलची खोकी आणली (त्यामुळे चार गल्ल्यांतल्या मांजरी आमच्या जिन्यात राहायला आल्या), आणि जांभूळ गावाहून येणाऱ्या आमच्या भाजीवाल्या इंदुबाईकडे गवताची मुळं मागितली. इंदुबाई टोपली खाली ठेवून हसली. "आमचा जलम गेला उपटण्यात, न तुमची पोर लावाला शिकाला चालली अमेरिकेला?" पण दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून पाच जातींची मुळं घेऊन आली, आणि भाजीच्या भावात एक पैसा कमी केला नाही.

गच्चीवर पाच खोकी, पाच जाती. आपल्याकडे नळाला पाणी किती वेळ असतं ते तू विसरला नसशील. पायल डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी गवताला घालायची आणि वेणू खाली ओरडायची, भांडी कोरडी ठणठणीत आणि गवताची अंघोळ झाली! एक खोकं मांजरींनी उकरलं, एक पिवळं पडलं, आणि उरलेल्या तिन्हींचं पाणी झिरपून बाळाजीच्या छतावर नकाशा उमटला. तो नोटीस घेऊनच वर आला. गच्चीवर शेती करण्यास सक्त मनाई. चप्पल बाहेर काढून आला होता, सवयीनं. बोलता बोलता त्याचा पाय एका खोक्यातल्या गवतावर पडला आणि तो तसाच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी गळती तपासायला आला. तिसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन. नोटीस अजून खाली बोर्डावर आहे, आणि तिच्याखाली सही करणारा संध्याकाळी वर अनवाणी बसलेला असतो.

शेवटी पायलनं निबंध स्वतः लिहिला आणि मला तपासायला दिला नाही. डिसेंबरात निकाल आला. प्रवेश मिळाला, फीमध्ये सूटही. चंदरनं पेढे वाटले आणि आपल्या काउंटरच्या सिद्धांताचा फलक करून लावला. त्या विभागाच्या एका प्रोफेसरांची वेगळी ई-मेल आली: डाळीच्या पाण्यावर तगलेल्या गवताची जात कोणती? पायल ती ई-मेल वाचून सायबर कॅफेतून घरापर्यंत पळत आली.

आता अडचण. ठरल्याप्रमाणे तिथे पोचल्यावर विषय बदलून कॉम्प्युटर घ्यायचा. पायल म्हणते, बदलणार नाही. शंकर म्हणतो, असं असेल तर पासपोर्ट कपाटात राहील. किल्ली त्याच्या बनियनच्या खिशात आहे. दोघं एकमेकांकडचं मीठ माझ्यामार्फत मागतात. तर दादा, घरातल्या सगळ्यांच्या वतीनं तुला विनंती, तू तीस वर्षं त्या देशात काढलीस, तुझा शब्द ती ऐकेल. तू युनिव्हर्सिटीत जाऊन कुणाला तरी भेट आणि विषय बदलून घे. (शंकर म्हणतो, "कृपया" घाल. घातलं समज.)

वहिनींना जयभीम, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लाव आणि यंत्रावरून उतरताना डाव्या पायानं उतर.

तुझी,
यशू

ता. क. हे पोस्टात उभी राहून लिहिते आहे, इथे कुणी वाचत नाही. दादा, वरची विनंती मनावर घेऊ नकोस.

शंकर सगळ्यांना सांगतो, आपले बाबा मिलिटरीत होते. खोटं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इथल्या लष्करी छावणीतल्या खेचरांसाठी ते गवत कापायचे, आज जिथे चंदरचा कारखाना आहे तिथेच. पुढे कल्याणच्या कॉन्व्हेंटच्या आवारात कापायला जायचे. पाऊस संपला की गवत कमरेएवढं व्हायचं. दिवाळीत काम पुरं झालं आणि मदर मजुरी द्यायला आल्या, तेव्हा बाबांनी पैसे घेतले नाहीत, पोरीसाठी बाकावर जागा मागितली. जूनचा प्रवेश त्यांनी नोव्हेंबरात पक्का केला. चंदर याला पहिली फेरी म्हणेल. मी पुढे पहिल्या बाकावर बसायचे आणि खिडकीतून विळ्याचा आवाज यायचा, आणि सिस्टर म्हणायच्या, लक्ष फळ्याकडे. मी दोन्हीकडे द्यायचे.

हे मी पायलला गच्चीवर सांगितलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या घरात गवतावर प्रवेश मिळालेली ती पहिली नाही, एवढंच तिला कळावं असं वाटलं. शंकरला लाज वाटते ती मला कळते. पण तू गवत कापतोस त्याला आपण काच लावली आहे दादा, आणि बाबांचा विळा माळ्यावर जुन्या चादरीत आहे. तू शंकरला एवढंच लिही, की तिला तिचं गवत शिकू दे. तुझ्या यंत्राखालून जो वास येतो, तो बाबा घरी आले की यायचा तसाच असतो का, तेही कळव.

ता. क. २. तुझा नवा पत्ता टेबलावर राहिला होता. तो घेऊन शंकर पोस्टात आला आणि मी चष्मा पुसत असताना वरचं सगळं वाचलं. माझ्याकडे पेन मागितलं. मागच्या पानावर "भेट आणि विषय बदलून घे" ही ओळ खोडलेली दिसेल. ती मी खोडलेली नाही.

बाहेर येऊन म्हणाला, तुझ्या फोटोशेजारी भिंतीत आणखी एक खिळा ठोकावा लागेल, विळ्याचं वजन पेलेल असा. त्याच्यासाठी आता आम्ही बाजारात निघालो आहोत. वेणूला अजून सांगितलेलं नाही. हॉल तिनं दिवाळीतच रंगवून घेतलाय.