सीतारामच्या जागी

४ नोव्हें., सोम.
विधानसभेचा अर्ज मागे घ्यायची मुदत दुपारी संपली. डॉ.नी घेतला नाही. मला वाटलं होतं, घेतील. कालपासून दोन्ही बाजूंची माणसं त्यांच्या ओसरीवर चहा पिऊन समजावून गेली. डॉ. प्रत्येकाला एकच विचारत, "घरी ढोरं बरी हायेत न?" शेवटी अपक्ष. निशाणी मिळाली बादली. कचेरीबाहेर कोणीतरी हसलं. डॉ. म्हणाले, "हसता काय बे, सारी नोकरी बादलीतच हात घालून केली."

खरं आहे. गाय अडली की साबणाच्या पाण्याची बादली लागे, आणि ती धरायला सीताराम लागे. ढोरांच्या दवाखान्यातला परिचर. डॉ.च्या मागे मोटरसायकलवर बादली मांडीत घेऊन बसलेला सीताराम पाहिला नाही असं गाव तालुक्यात नसेल. करोनात गेला.

तर उमेदवार: डॉ. काशीनाथ, निवृत्त पशुवैद्य, चिखली. आणि त्यांचा भाट मी. अर्धा वार्ताहर, अर्धा लग्नपत्रिका छापणारा, उरलेला संस्कृतचा एम. ए. वार्ताहरानं निःपक्ष असावं म्हणतात. बातमीत असतो. जीपमध्ये नसतो.

८ नोव्हें., शुक्र.
चार गावं. मी प्रास्ताविक केलं. मन लावून केलं, अनुप्रासासकट. पारावरचा एक म्हातारा शेवटी हात जोडून म्हणाला, "महाराज, हे कोन्त्या देवाचं स्तोत्र होतं?" डॉ. इतके हसले की त्यांचं स्वतःचं भाषण राहून गेलं.

सावरखेडला तर सभाच झाली नाही. एकानं हात धरून गोठ्यात नेलं, बैलाचा खूर दाखवला. मग दुसऱ्याची म्हैस. डॉ.नी बाह्या वर केल्या. तासाभरानं बाहेर आले ते हात धूत. लोक बैल दाखवतात, मत दाखवत नाहीत.

जीपमध्ये मी म्हणालो, निदान एक वाक्य तरी म्हणा, मत द्या म्हणून. म्हणाले, "लाज वाटते बे. बैलाले सुई टोचाची अन् वरून मत मागाचं."
मी म्हणालो, मागे लागल्याशिवाय कोणी देत नाही. फार शहाण्यासारखं म्हणालो.

११ नोव्हें., सोम.
रुक्माबाई आल्या प्रेसवर. सीतारामची बायको, सावरखेडलाच राहतात. मुलीच्या, वर्षाच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला. सतराला लग्न, मुलगा नांदुऱ्याचा, कापसाच्या जिनिंगमध्ये आहे. आमच्याकडे पत्रिकेबरोबर मंगलाष्टकं येतात, घरातल्यांची नावं गुंफून, आणि लग्नात माईकवर म्हणायलाही मीच. मी विचारलं, कोणाकोणाची नावं घालू? आजोबा, मामा, चुलते?

बाईंनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "भाऊ, बाकीचे राह्यले तरी चालतीन. तिच्या बापाचं तेवढं येऊ द्या. पोरीनं येवढंच मांगतलं. बाप मांडवात नाही, त नाव तरी असू द्या म्हन्ते."

म्हणालो, तिसऱ्या मंगलाष्टकात घालतो. शब्द दिला.

१३ नोव्हें., बुध.
काल तुळशीचं लग्न लावलं. आज बसलो. मंगलाष्टकाच्या ओळीत नाव बसवणं म्हणजे भरल्या एस्टीत पोतं चढवणं. गजाननराव, ज्ञानेश्वरभाऊ यांनी माझी कंबर मोडली आहे. सीताराम मात्र आला आणि आपला आपण बसला:

सीताराम पिता वरून बघतो, कुर्यात् सदा मंगलम्

सौ.ला म्हणून दाखवलं. ती भाकरी थापत होती, थांबली. "हे चांगलं झालं," म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे राष्ट्रपती पदक.

१५ नोव्हें., शुक्र.
मेहकर रस्त्यावर एका लग्नाला डॉ.बरोबर गेलो. समोरचे उमेदवार आले, गाड्यांची रांग घेऊन. शाल, नारळ, फेटा. माईकवर 'भावी आमदार' किती वेळा झालं. त्यांनी शुभाशीर्वाद म्हणून जे भाषण केलं त्यात मुहूर्त टळून गेला. नवरदेव घोटभर पाण्यासाठी इकडेतिकडे पाहत होता.

डॉ. मागे खांबापाशी, हातात अक्षता. एकानंही नाव पुकारलं नाही. त्या मांडवातल्या निम्म्या घरांची जनावरं या माणसानं वाचवलेली. मला संताप आला. डॉ. जेवले आणि म्हणाले, "वरण मस्त झालं."

१६ नोव्हें., शनि.
सहज म्हणून पाहिलं. सीताराम, काशीनाथ. दोन्ही नावांचा तोल अगदी एक. एक उचलायचं, दुसरं ठेवायचं, ओळीला कळतही नाही.

काशीनाथ इथे उभे सुमुख हे, कुर्यात् सदा मंगलम्

सुमुख हे गणपतीचं नाव. डॉ.च्या पोटाला शोभून दिसतं. एकटाच हसलो. तिसऱ्याच्या कागदावर ती ओळ सीतारामच्या ओळीखाली लिहून ठेवली. गंमत म्हणून. उद्या सावरखेडसह आजूबाजूची गावं लोटणार, परवा प्रचार संपतो, हे माहीत असताना. गंमत म्हणून.

डॉ.ना सांगितलं नाही. यावरूनच मला कळायला हवं.

१७ नोव्हें., रवि.
लिहावं की नाही.

सावरखेड, वर्षाचं लग्न. मांडव भरलेला. बाया शाळेच्या भिंतीवरसुद्धा. अंतरपाट धरला. पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं. आवाज चांगला लागला होता, हे मला कळत होतं, आणि ते कळणंच वाईट. तिसऱ्याच्या शेवटच्या ओळीला आलो. कागदावर दोन ओळी. वर सीताराम, खाली काशीनाथ. समोर एवढी मतं उभी, हातात अक्षता घेऊन. खांबापाशी डॉ., कोणी न पुकारलेले.

वर्षानं खाली घातलेली मान वर केली. बापाचं नाव तिसऱ्यात येणार हे आईनं तिला सांगून ठेवलं होतं म्हणे.

मी खालची ओळ म्हटली.

अक्षता पडल्या. मागून कोणीतरी "बादली, बादली" ओरडलं, लोक हसले, दोघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या. मुलीची मान पुन्हा खाली गेली. डॉ.ची मूठ मिटलेलीच राहिली, अक्षता आतच. चौथं आणि पाचवं कसं म्हटलं ते आठवत नाही. पाठ असतं, तोंड म्हणतं.

पंगतीत रुक्माबाई स्वतः बुंदी वाढत आल्या. हळूच विचारलं, "भाऊ, यांचं नाव चुकून राह्यलं का?"

यावेळी खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "वृत्तात बसलं नाही वहिनी. छंदाचे नियम असतात."

त्यांनी मान हलवली. "असन. आमच्या मानसाचं नाव जरा लंबंच हाय." आणि माझ्या पानात आणखी बुंदी वाढली.

मी खाल्ली. पानात टाकू नये म्हणून खाल्ली.

येताना डॉ.च्या जीपमध्ये बसलो. चिखलीच्या अलीकडे डॉ. म्हणाले, "पंडित, सीताराम कुठं गेला बे?"
 

१८ नोव्हें., सोम.
प्रचाराचा शेवटचा दिवस. जीप आलीच नाही. फोन केला तर म्हणाले, "आज राहू दे. मी एकटाच फिरतो." सावरखेडची शेवटची सभा आज होती. विचारलं. म्हणाले, "तिथं आता मत मागाले तोंड नाही." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मला रागावलेल्या माणसाशी वाद घालता येतो, शिक्षणच तसं झालं आहे.

सौ.नं विचारलं, घरी कसे आज? सांगितलं सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग, "चांगलं झालं होतं हो ते," म्हणाली. बुधवारच्या ओळीबद्दल. आणि भांडी घासायला गेली.

दुपारी पेपरला बातमी पाठवली: प्रचाराच्या तोफा थंडावल्या. मी तर जीपमध्ये चढलोच नव्हतो.

२० नोव्हें., बुध.
मतदान केलं. बादलीलाच. रांगेत डॉ. पुढे होते, वळून पाहिलं, "जेवला का?" म्हणाले. एवढंच. यांना रागावता येत नाही हा त्यांचा दोष आहे आणि शिक्षा मला आहे.

२३ नोव्हें., शनि.
डॉ. पडले. कोणालाच धक्का बसला नाही, त्यांना तर नाहीच. पण सावरखेडनं बादली भरून दिली. तालुक्यात ते एकच गाव.

चौकात चहावाल्यापाशी एक जण पाठीवर थाप मारून म्हणाला, "पंडितजी, तुमचं मंगलाष्टक पावलं राजेहो. येत्या वैशाखात भाच्याचं लग्न हाय, पुढं मले झेडपीले उभं राहाचं हाय. माह्यं बी नाव बसवा." बाकीचे हसले. कौतुकानं हसले. चहा तसाच ठेवून निघालो. म्हणजे आता मी यासाठी ओळखला जाणार. तीस वर्षं छंद घोकून.

संध्याकाळी डॉ.कडे गेलो. न बोलावता. ओसरीवर एकटेच, उरलेली पत्रकं बांधत. म्हणालो, सावरखेडनं तरी... ते मधेच म्हणाले, "ते मतं सीतारामले देल्ली बे त्याइनं. मले नाही."

तसं असेल. नसेलही. मी म्हटलेल्या ओळीमुळे पडली असतील तर? ते मला कधीच कळणार नाही आणि कोणाला विचारताही येणार नाही.

सांगितलं त्यांना, बाईंशी काय खोटं बोललो ते. हे त्यांना माहीत नव्हतं. दोरीची गाठ मारता मारता थांबले. मग म्हणाले, "मले त माफ करता येईन तुले. पन ते माह्यं काम नाही."

२४ नोव्हें., रवि.
एस्टीनं सावरखेड. मांडवाचे बांबू काढून भिंतीला लावलेले. रुक्माबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पाणी दिलं, चहा ठेवला, सौ.ची तब्येत विचारली, जावई चांगला आहे म्हणाल्या. भिंतीवर सीतारामचा फोटो. बादली नव्हती हातात, त्यामुळे क्षणभर ओळखू आला नाही.

म्हणालो, "वहिनी, नाव बसत होतं. मी काढलं."

त्यांना लगेच कळलं नाही. पुन्हा सांगितलं, सोप्या शब्दांत. सीतारामचं नाव लिहिलेलं होतं, आधी तेच लिहिलं होतं, ते सोडून डॉक्टरांचं म्हटलं, मतांसाठी. डॉक्टरांना माहीत नव्हतं. आणि नाव लांब नाही. काशीनाथ तेवढंच आहे.

शेंगा सोलणं थांबलं नाही. बऱ्याच शेंगा झाल्या.

"मी त लोकाइले सांगत फिरली भाऊ," म्हणाल्या, "का पंडिताइचं शास्त्र राह्यते, त्यात बसत नाही म्हनून."

मग चहा उतू जायला लागला म्हणून उठल्या. आतूनच बोलल्या, "मले काऊन सांगता? मी बायको हाय, मी सोसून घेईन. तिले सांगा. तिनं कान लावला होता."

उद्या मांडवपरतणीला वर्षा माहेरी येतेय, नवऱ्याबरोबर. मी विचारलं, येऊ का? बाई हो म्हणाल्या नाहीत. नाही पण म्हणाल्या नाहीत. कप पुढे केला.

२५ नोव्हें., सोम.
नवा कागद घेतला. एकच ओळ लिहिली, वरची. खाली काही नाही.

आंघोळीच्या वेळी म्हणून पाहिली. 'सीताराम पिता' इथवर आवाज नीट येतो. पुढे...

लग्नातलं लग्नातच म्हणायचं असतं. अंतरपाट नाही, अक्षता नाहीत, मुहूर्त गेलेला. नुसती ओळ नेऊन तिच्या हातात काय देणार. तिनं नको म्हटलं तर. ऐकून घेतलं आणि नुसती मान हलवली, आईसारखी, तर.

सौ.नं इस्त्रीचा सदरा बाहेर काढून ठेवलाय. म्हणाली फक्त, "जीप आलीये."

खिडकीतून पाहिलं. कालचं सगळं डॉ.ना फोनवर सांगितलं होतं, या म्हणालो नव्हतो. डॉ. खाली आलेत. हॉर्न वाजवत नाहीत, हाक मारत नाहीत. जीपला टेकून नुसते उभे आहेत.