‘धरा’ नाही, ‘धर’

मृदुलाताई,

तुम्ही बनवलेला रोबोटचा हातमोजा कसा चाललाय, असं फोनवर विचारलंत. मी म्हणालो, झकास. एक दोष लपवला.

चाकणच्या कंपनीत मानेला मार बसल्यापासून माझी बोटं मिटत नव्हती. आता ‘धर’ म्हटलं की मिटतात, ‘सोड’ म्हटलं की उघडतात. पण मोजा कुणाचंही ऐकतो. काल दोस्त झिशान म्हणाला, “सोड ना भावा तो विषय,” आणि चहा माझ्या मांडीवर.

तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही तो फक्त माझ्या आवाजावर लावला असता. पण माझी बायको साबिया, लग्नापासून मला ‘तुम्ही’च म्हणते. मोज्याला ‘धरा’ कळत नाही. म्हणून ती माझ्या हातात हात ठेवते आणि हळूच म्हणते, “धर.”

चहा सांडू दे.

तुमचा,
कादर