डाव्या चाकाचा बोल्ट

मंगळवार, संध्याकाळ

काल इथे लिहिलं की गाडीच्या डाव्या चाकाचा बोल्ट बाबांचे मेकॅनिक मित्र सलीमचाचा यांनी तोडला. ते खोटं आहे. मी तोडला. स्वतःच्याच वहीत मी कुणापासून लपवत होते?

आमच्या या जुन्या अमेरिकन गाडीला डावीकडचे बोल्ट उलट्या आट्यांचे, म्हणजे उलट दिशेने फिरवून सुटणारे, हे बाबांनी मला दहाव्या वर्षीच शिकवलंय. तरी शनिवारी बाबा घरी नसताना, उजवी चाकं पुसायला उतरवून झाल्यावर त्याच सवयीने डावीकडे पाना लावला. निघेना, म्हणून पान्यावर उभी राहिले. खरं तर मी तो आवळत होते. कट्कन तुटला. उजवी चाकं परत बसवली आणि कुणाला सांगितलं नाही.

आदल्या दिवशी चाचांनी चाकं काढून ब्रेक पाहिले होते, त्यामुळे बोल्ट तुटलेला दिसताच बाबांनी सरळ त्यांनाच फोन लावला. "चाचा, हात थरथरतात तर सांगायचं ना! आता गाडीला हात लावू नका." मी शेजारीच उभी होते. तुटका बोल्ट मुठीत.

पलीकडून चाचा म्हणाले, "असंल भाऊ, माझ्याच हातून झालं असंल."

चार वर्षं बाबा आणि चाचांनी मिळून गाडी उभी केली. जमिनीलगत थोडी खाली बसवली, अंजिरी रंग दिला. येत्या रविवारी गंगापूर रोडवर पहिली फेरी, पुढच्या सीटवर चाचा बसणार होते. आता त्यांना कुणी बोलावत नाही.

आज चहाला बाबा म्हणाले, "चाचांना उलटे आटेही दिसत नाहीत. चष्मा नको, दुर्बीणच द्या." आणि मी हसले. हसले कशी? तो तुटका बोल्ट माझ्याच कपाटात आहे.

बाबा उद्या येवल्याला जाणार. रात्री परत आले की सांगेन, आणि त्यांना घेऊन चाचांच्या घरी जाईन. गुरुवारी सकाळी.