गावाला गेलेली मुलं

दापोडी,
ता. ८ सप्टेंबर २०२४

ती. स्व. शालनआत्यास,
निशिगंधाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

कुलदीपदादा काल येऊन गेला. पूनमवहिनीनं सासूसाठी हौसेनं आणलेलं कानाचं मशीन तू कपाटात ठेवून दिलंस, असं गाऱ्हाणं करत होता. फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाइलवरचे निरोप तुला तुटक वाटतात, आणि मशीन तर घालायचं नाही. म्हणजे भाचीनं पानभर अक्षर काढत बसायचं. बरं, बसले. तुझ्याच वर्गात लिहायला शिकले, तेव्हा चुका निघाल्या तर दोष कुणाचा ते तूच ठरव.

आता काळजीचं. महिनाअखेर पटपडताळणी आहे. शिक्षण विभागाचे साहेब स्वतः येऊन मुलं मोजणार. पट साठाच्या खाली गेला तर आपली पटरीकडची शाळा रुळांपलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन करणार, असं मुख्याध्यापकांच्या बैठकीत सांगितलं. माझ्याकडे नावं भरपूर आहेत गं, मुलं नाहीत. आपल्याकडच्या बहुतेकांचे बाप कंपनीत कंत्राटावर. सहा-सात महिने झाले की ठेकेदार ब्रेक देतो, म्हणजे कामावरून घरी बसवतो. ब्रेक मिळाला की खोली सोडून बीड-परभणीला जायचं, परत बोलावलं की यायचं. जाताना दाखला कुणी नेत नाही, कारण परत यायचंच असतं. करिष्मा तुला आठवत असेल. संक्रांतीला तू आलीस तेव्हा तुला ऐकू येत नाही हे कळल्यावर जिनं सतराचा पाढा फळ्यावर लिहून दाखवला, ती. चौथीत आहे. तिच्या बापाला ऑगस्टमध्ये ब्रेक मिळाला आणि सगळं घर परभणीकडं गेलं.

तुझी पद्धत मी मोडलेली नाही. हजेरी घेताना, गेलेल्या मुलांचंही नाव पुकारते, आणि बाकीचा वर्ग ती गावाला गेल्याचं सांगतो. पण मोजायला आलेल्या माणसापुढं हे चालेल का? नावं कापली तर शाळा जाते. शाळा गेली तर मुलांना रूळ ओलांडावे लागतील. पूल लांब आहे, पोरं वळसा घालणार नाहीत, आणि आया मुलींना तर पाठवणारच नाहीत. नावं कापू की ठेवू, तेवढं लवकर कळव.

तुझ्या भाचेजावयाचा, गणराजचा नमस्कार. त्याला भाकरी थापता यायला लागली आहे, गोल सोडून कुठल्याही आकाराची.

तुझी माया अशीच राहो,
निशिगंधा


चाकण,
ता. १४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. निशिगंधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. चुका तीनच निघाल्या, म्हणजे बाईंनी बरं शिकवलं म्हणायचं. मशीनचं म्हणशील तर ते घातलं की शेजारच्या इमारतीतलं ड्रिलिंग तेवढं ऐकू येतं. त्यापेक्षा बहिरी बरी.

नावं कापायची नाहीत. का, ते नीट वाच.

मी पहिलीत बसले तेव्हा आपली शाळा मारुतीच्या देवळात भरायची. तुझे आजोबा सोपानराव गावात लई हट्टी माणूस. पोरीला शाळेत घातली म्हणून भावकी हसली, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या पोरीलाही आणून बसवली. सगळी पोरं गावातलीच, कुणाची म्हैस कुठली हेसुद्धा गुरुजींना ठाऊक. मग भोवतीनं कारखाने उठले. मी नोकरीला लागले तेव्हा शाळेला इमारत झाली होती आणि आडनावं उच्चारताना माझी जीभ वळत नव्हती. सोलापूरकडची, कोकणातली, कानडी मुलखातली, दोन भावंडं तर मद्रासकडची. वरच्या मजल्यावर उर्दू, खाली मराठी, मागच्या पत्र्याच्या खोल्यांत हिंदी. मुलं मावेनात म्हणून शाळासुद्धा कंपनीसारखी दोन पाळ्यांत भरायची. मधल्या सुट्टीत मात्र नळ एकच, तिथं सगळ्या भाषा एकमेकींना ढकलायच्या. जिल्हा परिषद होती, नगरपालिका झाली, मग महापालिका झाली. दारावरची पाटी बदलायची, गळकं छप्पर तेच. शेजारच्या फोर्जिंगच्या कारखान्यातला लोखंड ठोकायचा हातोडा पडला की बोलणं थांबवायचं, उठला की पुढचं वाक्य. मुलंसुद्धा कविता तशीच थांबून म्हणायची. कान तिथंच गेले माझे. त्याची तक्रार नाही.

एका वर्षी त्या कंपनीला टाळं लागलं आणि निम्मा वर्ग आपापल्या गावाला गेला. मोठ्या गुरुजींनी नावं कापायला सांगितली. मी ऐकलं नाही. रोज पुकारत राहिले, म्हणजे उरलेल्या पोरांना वाटू नये की गेला तो गेला. टाळं निघालं, पोरं आली आणि येऊन आपापल्या जागेवर बसली. ज्यांची नावं दुसऱ्या वर्गांत कापली होती त्यांच्या बापाला गावाकडच्या कागदांसाठी हेलपाटे पडले. मजुरी बुडवून कोण हेलपाटे घालतो? त्यातली बरीच पोरं मग कारखान्याच्या दारात चहाचे ग्लास विसळताना दिसायची. मला बघितलं की तोंड फिरवायची. म्हणून सांगते, नाव असेल तर पोर येतं. साहेबांना हेच सांग, घाबरू नकोस. तेही माणूसच आहेत.

गणराजला म्हणावं पिठात पाणी जास्त होतंय.

माझं सगळं लक्ष तुझ्या शाळेकडं,
शालनआत्या


दापोडी,
ता. ३ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पडताळणी झाली. जसं झालं तसं सांगते.

साहेब वयानं माझ्याएवढेच. बोलायला नम्र, स्वतःही पालिकेच्याच शाळेत शिकलेले. त्यांनी मला रोजच्यासारखी हजेरी घ्यायला सांगितली, आणि मी रोजच्यासारखीच घेतली. करिष्माचं नाव पुकारलं आणि वर्गानं एका सुरात ती गावाला गेल्याचं सांगितलं. पुढच्या नावाला पुन्हा तेच. मुलांना वाटलं आज पाहुण्यांपुढं जोरात सांगायचं, म्हणून प्रत्येक वेळी आवाज वाढत गेला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी त्यांना सगळं सांगितलं, ब्रेकचं, दाखल्याचं, तुझ्या वेळच्या टाळ्याचंही. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, की ही मुलं परत कधी येणार. मला तारीख सांगता आली नाही.

काल नोटीस आली. हजर नसलेली मुलं पटावर दाखवून संख्या फुगवली, असा शब्द आहे त्यात. मी फुगवली म्हणे. त्या मुलांच्या घरी मी पायी गेले आहे, त्यांच्या उवा काढल्या आहेत. इतका राग आला की वर्गावर जाववेना. साहेबांनी निरोप पाठवला आहे: ही नावं नजरचुकीनं राहिली असं लिहून द्यावं आणि स्वतःच्या हातानं कापावी, म्हणजे प्रकरण मिटेल. नाही तर चौकशी आणि तोवर निलंबन. कापली की पट बेचाळीसवर येतो. म्हणजे शाळा संपली.

गणराज म्हणतो नोकरी सांभाळ. मी म्हटलं आत्याला विचारते. तू म्हणशील तर कापणार नाही, होईल ते होईल.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून,
निशिगंधा


चाकण,
ता. ७ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. निशिगंधास,
आशीर्वाद.

काप.

हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय, ते लपवत नाही. आधी त्या साहेबावरच भडकले. कुलदीपवरही विनाकारण खेकसले. मग त्याच्याच हातात पाटी देऊन विचारलं, की तुमच्या कंपनीतली ब्रेक दिलेली माणसं परत येतात का. त्यानं लिहिलं, काही येतात, काही तळेगावला जातात, काही रांजणगावला, कुणी गुजरातला. जिथं ठेकेदार नेईल तिथं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप परमनंट होते गं. टाळं निघालं की तेच गेट, तीच खोली. म्हणून माझी पोरं परत आली. माझ्या पुकारण्यानं नव्हे. तुझ्या मुलांच्या बापांना पुढच्या महिन्यात आपण कुठं असू ते ठाऊक नसतं, आणि मी तुला माझ्या जमान्याचा सल्ला दिला.

मी पेन्शन खाऊन बसले आहे, निलंबन तुझं होईल. तुला काढलं तर दुसरी कुणी येऊन नावं कापेलच, आणि ती त्या मुलांना ओळखतही नसेल. सही कर. मनात अढी ठेवू नकोस, माझ्याबद्दलही नको.

तुझ्या पाठीशी असलेली,
आत्या


दापोडी,
ता. २४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

कापली. लाल शाईनं, एकेक. त्यानंतर पेन कंपासपेटीतून काढून टाकलं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मुलांना घेऊन पलीकडच्या शाळेत आलो. बाकं टेम्पोत घातली. आपल्या इमारतीला कुलूप आहे, वर्गांत कुठल्या तरी विभागाचं जुनं सामान भरलंय. खरं सांगायचं तर ही शाळा चांगली आहे. मोठा पडद्यासारखा फळा आहे, प्रयोगशाळा आहे, मराठी, उर्दू आणि इंग्रजी, तिन्ही एका आवारात. मुलं रमली. बेचाळिसातल्या सहा मुली मात्र आल्याच नाहीत. घरोघर गेले. आयांनी रुळांकडं बोट दाखवलं.

तू माझ्यावर रागावू नको, मी तुझ्यावर नाही.

तुझीच,
निशिगंधा


दापोडी,
ता. १६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

करिष्मा परत आली आहे. तुला आनंद होईल म्हणून आधी तेवढं लिहिलं. आता पुढचं वाच.

मागच्या आठवड्यात भाजी घेताना तिची आई मंजुषा भेटली. नवऱ्याला त्याच कंपनीत परत घेतलंय, संक्रांतीनंतर सगळे आले, जुनीच खोली मिळाली. मला बघून ती जरा घुश्शातच बोलली, की बाई, हल्ली तुम्ही अभ्यास काहीच देत नाही, पोरगी रोज तेच तेच लिहून आणते. मी विचारलं, कुठल्या शाळेत घातली. ती माझ्याकडं वेड्यासारखी बघायला लागली. म्हणाली, तुमच्याच, रोज तर येते की. तिला तिथं काही न सांगता भाजीचे पैसे देऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पटरीकडच्या शाळेत गेले. कुलूपबंद फाटकाच्या आत, पायरीवर करिष्मा बसली होती. गणवेश, वेणीला रिबीन, शेजारी डबा. फाटकाच्या खालच्या फटीतून आत शिरली असणार. मांडीवर वही घेऊन जुने धडे उतरवत होती. मंजुषा सकाळीच तान्ह्या मुलाला शेजारणीकडं ठेवून पॅकिंगच्या कामाला जाते, त्यामुळं तिला हे दिसलं नाही. शाळा सुटायच्या वेळेला पोरगी घरी जायची आणि आज काय शिकवलं ते मागच्या वर्षीच्या आठवणीतून सांगायची.

शाळा पलीकडं गेल्याचं तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं सांगितलं होतं. पण आईला कळलं तर ती रूळ ओलांडू देणार नाही, तान्ह्या भावाला सांभाळायला घरीच बसवेल, हे तिनं ओळखलं. म्हणून कुणाला काही सांगितलं नाही. महिनाभर ती एकटी शाळेत जात होती, आत्या. जी शाळा मी बंद केली त्या शाळेत.

मंजुषाला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी पोरीवर हात उगारायला निघाली आणि मग तिलाच पोटाशी धरून रडली. मी शब्द दिला, की रोज सकाळी घरी येऊन पुलावरून नेईन आणि संध्याकाळी आणून सोडीन. त्या सहा मुलींच्या घरीही हेच सांगितलं. दोघींच्या आया तयार झाल्या आहेत, बाकीच्यांना अजून धीर होत नाही. दाखल्याशिवाय नाव घ्यायला नव्या शाळेत कुरकुर झाली, पण त्याच साहेबांना फोन केला आणि त्यांनी घ्यायला लावलं. तू म्हणाली होतीस तसे ते माणूसच निघाले.

काल पहिला दिवस. मी तिचा हात धरून पुलावर चढले. अर्ध्यावर तिनं विचारलं, की गावाला गेलेल्यांची नावं बाई रोज घेतात, मग माझं नव्यानं का घालावं लागलं, आधीचं कुणी कापलं. साहेबांचं नाव सांगता आलं असतं. नियम म्हणून सांगता आलं असतं. मी सांगितलं, मी कापलं.

तिनं आपला हात माझ्या हातातून काढून घेतला आणि कठड्याला धरून पुढं चालायला लागली. मी मागून चालले. खालून लोकल गेली, तरी तिनं वळून पाहिलं नाही.

उद्या सोमवार. सकाळी तिला आणायला जाणार आहे.

मला तुझे आशीर्वाद लागतील,
निशिगंधा