चिल्लरनं पुन्हा गादी भिजवली

४ नोव्हेंबर

आज परत! चादर ओली, गादी ओली, माझा लेंगा ओला. आणि चिल्लर पायथ्याशी बसून पंजा चाटतेय — घर हिच्याच नावावर असल्यासारखी. चप्पल फेकून मारली. नेम चुकला, देवापुढची समई आडवी झाली. सुलक्षणानं आधी समई उचलली, मग देवाला हात जोडले. "ह्यांना सांभाळ रं बाबा." मुतली मांजर आणि साकडं माझ्यासाठी!

भोर डेपोत सारी हयात कंडक्टरकी केली. दारुडे उतरवले, फुकटे वठणीवर आणले. रिटायर झाल्यावर दोन किलोचं जनावर माझी इज्जत काढतंय.

मांजर लेकीची. प्रेरणाला चिंचवडला नोकरी लागली, ती गेली आणि ही आमच्या गळ्यात राहिली. फोनवर म्हणते, "बाबा, तिच्यासाठी लिटर बॉक्स ठेवा, त्यात खास वाळू घाला." मोबाईलवर त्या वाळूचा भाव बघितला. इंद्रायणी तांदूळ स्वस्त! म्हटलं, आपण भोरची माणसं, आपल्याला काय कमी? उत्रोलीच्या भाताच्या गिरणीतून पोतंभर तूस उचलून आणलं. फुकट, हलकं, कोरडं. घमेल्यात भरून चिल्लरला त्यात उभी केली. स्वतःच्या डोक्याचं लई कौतुक वाटलं.

७ नोव्हेंबर

चिल्लर तुसात जायला शिकली. लई हुशार.

नवं भात आलंय गावाहून. पोत्याचं तोंड मीच सोडून ठेवलं होतं, ऊन लागावं म्हणून. बाई आत जाऊन बसल्या, काम उरकलं, वरनं दाणे ओढून नीट झाकलं. तिचं तरी काय चुकलं? घमेल्यात तूस, पोत्यातपण तूस. पोत्यातल्या तुसात तांदूळ आहे हे तिला कुणी सांगितलं?

सुलक्षणा म्हणाली, "शिकवणी चांगली घेतलीत."

९ नोव्हेंबर

तूस बंद. शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू मागून आणली. चिल्लरनं हुंगली, खड्डा केला, बसली, बुजवलं. मी टाळ्या वाजवल्या. एवढ्या प्रेरणा दहावी पास झाली तेव्हापण वाजवल्या नव्हत्या!

१० नोव्हेंबर

गादी ओली.

१३ नोव्हेंबर

वाळूत रोज जाते. पोत्याकडं ढुंकूनही बघत नाही. मग गादीच का? तीपण माझीच बाजू! सुलक्षणाची बाजू कोरडी ठणठणीत. हे वैर आहे. चप्पल फेकल्याचा राग धरलाय तिनं.

मला काही कळत नाही, कारण कोरोनात वास गेला तो परत आलाच नाही. सुलक्षणाला विचारलं, "मांजरीचाच वास आहे ना?"

"मग काय वाघाचा?" म्हणाली आणि चादर गुंडाळून मोरीत गेली.

म्हटलं, रात्री दार लावून घेऊ, झोपू दे तिला बाहेर. तर नाही म्हणते! "दाराशी रडत बसती वो ती. माझा जीव तुटतो." मांजरीसाठी हिचा जीव तुटतो, माझा लेंगा रोज भिजतो त्याचं काय?

१५ नोव्हेंबर

मोबाईलवर वाचलं, मांजरीला लिंबाचा वास सोसत नाही. गादीभोवती अर्धी कापलेली लिंबं मांडली. छान गोल. तेवढ्यात शेजारची धोंडाबाई विरजण मागायला आली. तिनं गादी बघितली, लिंबं बघितली, मधे मांडी घालून बसलेला मी बघितला. "मी नंतर येते," म्हणाली. विरजण न घेताच गेली.

संध्याकाळपासून आळीतली पोरं आमच्या दारावरनं पळत जातात. उभा जन्म लोकांनी मला एसटीतला 'मास्तर' म्हणून ओळखलं, आता मांत्रिक म्हणतील. लिंबांचं सुलक्षणानं लोणचं घातलं.

१६ नोव्हेंबर

गादी ओली. लोणचं मुरतंय.

१८ नोव्हेंबर

गुरांच्या दवाखान्यात गेलो. सुलक्षणा मागं लागून बरोबर आली — एरवी बाजारात चल म्हटलं तर गुडघे दुखतात. डॉक्टर शेफाली मॅडम, तरणी पोरगी. आमच्या पुढं एक म्हैस होती. मग चिल्लरचा नंबर.

मॅडमनी पोट चाचपलं. "काही नाही हो हिला. ठणठणीत आहे. गादीवर डाग केवढा पडतो?"

मी हातानं दाखवला. परातीएवढा.

"एवढ्याशा मांजरीचा एवढा?"

म्हटलं, मॅडम, आमची मांजर साधी नाही! मला हसू आलं, त्यांना नाही. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. सुलक्षणा मधेच म्हणाली, "पाणी लई पिती वो ती." आणि पिशवी उचलून चालू लागली.

१९ नोव्हेंबर

ठरलं. चिल्लर वेल्ह्याला जाणार, माझ्या धाकट्या बहिणीकडं, फुलाकडं. तिच्या घरात भात भरलेलं असतं, उंदरांचा सुळसुळाट. मांजर तिला हवीच आहे.

सुलक्षणा ऐकून रडली. खरोखर रडली! "राहू द्या हितंच. मी धुते ना? तुमाला कधी एका शब्दानं बोलले का?"

बोलली नाही, हेच तर बोचतं. थंडी पडलीय. पहाटे उठून ती जाड चादर धुते, पिळते, हाताला भेगा पडल्यात. मला बघवत नाही. हे तिला सांगायला हवं होतं. सांगितलं काय — "मांजर का नवरा, काय ते ठरव!"

तिनं पदरानं डोळे पुसले. मग पिशवी शोधायला गेली.

२१ नोव्हेंबर

पोहोचवून आलो. नसरापूर फाट्यावर गाडी बदलून वेल्ह्याची धरली. चिल्लर कापडी पिशवीत, वर टॉवेल. जन्मभर लोकांच्या पाट्यांखालच्या कोंबड्या शोधून तिकिटं फाडली मी! कंडक्टर जवळ आला आणि पिशवी म्याव म्हणाली. मी खोकलो. पिशवी पुन्हा म्याव. मी पुन्हा खोकलो. पोरगा ओळखीचा निघाला. म्हणाला, "मास्तर, खोकल्याला औषध घ्या." सगळी गाडी हसली.

फुलानं मांजर कुशीत घेतली. "दादा, गुणाची दिसती की रं! कशापायी काढली घरातनं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "माज्याजवळ चार रोज झोपू दे हिला, बघते कशी करती ती."

निघताना चिल्लर उंबऱ्यापर्यंत आली. मी वळून बघितलं नाही. म्हणजे बघितलं, दोनदा.

सुलक्षणा धड जेवली नाही. झोपताना मला म्हणाली, "पाणी कमी प्या." वर जुनी गोधडी घालून दिली गादीवर.

२२ नोव्हेंबर

गादी ओली. लेंगा ओला.

चिल्लर वेल्ह्यात.

सुलक्षणा चादर ओढत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "कुणाचा तरी बोका शिरला असंल खिडकीतनं."

खिडकीची कडी रात्री मीच लावली होती. सकाळी तशीच होती.

लाज वाटली. लई वाटली. किती दिवस झाले असतील हिला माहीत होऊन? विचारलं नाही. चादरीचं दुसरं टोक धरलं आणि म्हटलं, "व्हय, बोकाच असंल." मोरीत दोघांनी मिळून पिळली. मग मीच म्हटलं, "आज दवाखान्यात येतीस का माझ्याबरोबर?"

तिनं पदरानं हात पुसले. म्हणाली, "चला. आणि तिथनंच वेल्ह्याची गाडी धरू."