तीसपैकी तेवीस

॥ श्री ॥

पुसद,
२५ ऑगस्ट २०२५

चि. अर्पिता हिस काकूचे अनेक आशीर्वाद.

तू म्हणशील, घरात फोन असताना काकूला पत्राची हौस कुठून आली. हौस नाही गं. फोन लावला की तुझे काका समोरच्या खुर्चीवर येऊन बसतात आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहतात. बाकी काही ध्यानात राहत नाही, पण बोलणं आपल्याबद्दल चाललंय हे त्यांना बरोबर कळतं. लिहीत बसले की किराण्याची यादी करतेय असं समजून निवांत असतात.

पोळ्याच्या दिवशी सकाळीच टोपी घालून जिनिंगकडे निघाले. रिटायर होऊन सतरा वर्षं झाली, तरी कापसाच्या गाड्या आल्या असतील, ग्रेडर जागेवर पाहिजे म्हणाले. शेजारच्या हुस्नाबीच्या नौशादने स्कूटरवर बसवून परत आणलं. वाटेत त्याला कापसाची प्रत कशी ओळखायची ते सगळं समजावून सांगितलं म्हणे, एक शब्द चुकला नाही. घरात आल्यावर मला विचारलं, हा पोरगा कोण.

आता कामाचं. माझ्या रजतने बंगलोरहून कळवलं की विसरण्याच्या आजारावर नवीन औषध मंजूर झालंय. महिन्यातून एकदा सलाईनमधून देतात. त्याच्यासाठी आम्ही नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तिथे एसीची थंडी इतकी, की शाल काढून दोघांच्या मांडीवर घ्यावी लागली. डॉक्टरांनी तोंडी परीक्षा घेतली. तीसपैकी तेवीस पडले! शंभरातून सात, त्यातून सात असं वजा करायला लावलं, एक चूक नाही. वीसच्या वर असले तरच या औषधाचा विचार करतात म्हणे. रिपोर्टची झेरॉक्स सोबत पाठवतेय.

नवीन औषधं तपासण्याचंच तुझं काम. तू एकदा हो म्हण, म्हणजे रजत पुढचं पाहील. आठवी ते बारावी तुझ्या वेण्या घातल्या आहेत, एवढा हक्क आहे माझा. जेवत जा वेळेवर.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
काकू

*

पुणे,
४ सप्टेंबर २०२५

ती. काकूस अर्पिताचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं अक्षर पाहून आधी हसू आलं आणि मग वाचता वाचता रडू आलं. वेण्यांचा हक्क मान्य. फार घट्ट घालायचीस, तेवढं सोडून.

काकू, हे औषध महिन्याभरापासून माझ्याच टेबलावर आहे. सरकारची मंजुरी मिळाली की औषध बाजारात येतं. पण ते कोणाला द्यावं, कोणाला देऊ नये, हे आमच्या रुग्णालयाची समिती ठरवते आणि त्याआधी मी सगळे कागद वाचून मत लिहिते. दीड वर्षाची चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांचंही विसरणं वाढतच गेलं, न घेणाऱ्यांचंही. घेणाऱ्यांचं जरा सावकाश. तो फरक कागदावर मोजता येतो, घरात जाणवेलच असं नाही. काहींच्या मेंदूत सूज आली, काहींच्या रक्तस्राव झाला. काकांना हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. तशा रुग्णांना चाचणीत घेतलंच नव्हतं.

तुझ्यापासून काय लपवायचं? तुझं पत्र आल्यावर मी तेच कागद पुन्हा काढले आणि त्यात एखादं चांगलं वाक्य सापडतंय का ते शोधत बसले. दोन कडक ओळी खोडल्यासुद्धा. मग मला बाबांची कापसाची गाडी आठवली. सख्ख्या भावाचा कापूस, तरी काकांनी गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून खालचा कापूस काढला आणि कमी भावाची दुसरी प्रत लावली. बाबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. खोडलेल्या ओळी मी परत लिहिल्या.

आणि आता ती झेरॉक्स. तारीख, महिना, साल, वार, वजाबाकी, सगळ्याला पूर्ण मार्क. पाच मिनिटांपूर्वी सांगितलेले तीन शब्द आठवायला लावले, तर शून्य. जे आकड्यात सांगता येतं ते सगळं बरोबर आणि जे येत नाही तिथे काहीच नाही. मी त्याच घरात वाढलेय गं. बैलबाजारात दुपट्ट्याखाली बोटं धरून भाव सांगतात, ती रीत काका त्यांच्या वडिलांकडून शिकले आणि तू काकांकडून. पंगतीत शालीखाली बोटं दाबून त्यांची कितवी जिलबी झाली ते तू सांगायचीस, आणि मी समोर बसून मोजायचे.

काकू, डॉक्टरांसमोर ती शाल थंडीसाठीच होती का?

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लिही. काकांच्या पायांवर माझं डोकं.

तुझीच,
अर्पिता

*

॥ श्री ॥

पुसद,
१३ सप्टेंबर २०२५

चि. अर्पिता हिस आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. शिकून मोठी झाली आणि घरच्यांचीच उलटतपासणी घ्यायला लागली, असंही म्हणून घेतलं. भांडून झाल्यावर तुझं पत्र पुन्हा वाचलं.

शाल थंडीसाठीच काढली होती, देवाशपथ. पण डॉक्टरांनी शंभरातून सात विचारलं तेव्हा तुझ्या काकांनी माझ्याकडे पाहिलं. बावन्न वर्षांच्या संसारात असं पाहिलं नव्हतं कधी. साऱ्या तालुक्याच्या गाड्या ज्याच्या शब्दावर पुढे सरकायच्या, तो माणूस वजाबाकीसाठी माझं तोंड पाहत होता. माझा हात आपोआप गेला. दशकाला मनगट, एककाला बोटं. तेवढं त्यांना अजून बरोबर कळतं. ते उत्तरं देत गेले, डॉक्टर खुश झाले आणि मी त्याहून खुश. हे फसवणं झालं, हे घरी येईपर्यंत माझ्या मनातच आलं नाही.

खरं सांगू का, मी दोन वर्षांपासून हेच करतेय. लग्नात कोणी समोर आलं की मागून नाव सांगते. कोणी काही विचारलं की त्यांच्या आधी मीच उत्तर देते. लोक म्हणतात, इंदूबाई भारी बोलायला लागल्या. म्हणू देत. दुखणं किती पुढे गेलंय ते रजतलाही कळू दिलं नाही. फोनवर दोन वाक्यं झाली की त्यांना झोप आलीय सांगून फोन मीच घेते.

मला एवढंच कळत होतं की पास झाले तर औषध आहे आणि नापास झाले तर नाही. तू औषधांतली, म्हणून तुलाच विचारते. खरं सांगून टाकलं तर सगळी आशाच संपते का?

लवकर लिही. नेहमीचे आशीर्वाद आहेतच, यावेळी थोडे रागाचेही आहेत.

काकू

*

पुणे,
१९ सप्टेंबर २०२५

ती. काकूस सा. न.

हो काकू. या औषधाची आशा संपते. तुला गोड लागेल असं काही लिहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. दुखणं अगदी सुरुवातीला असेल तरच ते थोडंफार चालतं. काका त्याच्या पुढे गेले आहेत, असं मला वाटतं. आणि त्या गोळीसोबत ते दिलं तर आज जे काका आपल्याजवळ आहेत, तेही गमावून बसू. ही भीती माझ्या मनातून जात नाही.

दुसऱ्या, साध्या गोळ्या आहेत. त्या फार मोठं काही करत नाहीत, पण डॉक्टर विचार करतील. मात्र त्यासाठी त्यांना खरे काका दिसले पाहिजेत. पुढच्या वेळी तू बाहेर बस. रजतला मी काही कळवलेलं नाही. ते तूच सांग, आणि फोनवर नको, त्याला घरी बोलावून सांग.

माझं मत मी समितीला दिलं. त्यात एक ओळ जास्तीची घातली, की परीक्षेच्या वेळी घरच्या माणसाला खोलीबाहेर बसवावं. सगळ्यांना पटली. कुठून सुचली असं त्यांनी विचारलं, तर मी अनुभवातून म्हणाले.

तू फसवलंस असं मला एक क्षणही वाटलं नाही. दमली असशील गं. एकटीने दोन वर्षं!

दिवाळीला येतेच आहे. तोवर माया आटू देऊ नकोस.

अर्पिता

*

॥ श्री ॥

पुसद,
२८ ऑक्टोबर २०२५

चि. अर्पिता हिस काकूचे अनेक आशीर्वाद.

तू परत गेलीस आणि घर एकदम मोठं झालं. चकल्यांचा डबा विसरलीस, की मुद्दाम ठेवलास? तुझ्या काकांनी संपवला.

शनिवारी नागपूरला जाऊन आलो. रजत सोबत होता. आत जाण्याआधी मीच डॉक्टरांना सगळं सांगितलं, बोटांसकट. ते रागावले नाहीत. नवऱ्याला उत्तरं सुचवणाऱ्या बायका रोज पाहतो म्हणाले, पण वजाबाकी करून देणारी पहिलीच. मग मी बाहेर बाकावर बसले. अर्धा तास हात मांडीवर ठेवून नुसती बसले होते. दाराआडून यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच एकदा त्यांनी मला हाक मारली. मी उठले आणि रजतने माझा खांदा धरून खाली बसवलं. तेवढं कठीण मला आयुष्यात काही गेलं नाही.

अकरा पडले. ते औषध यांच्यासाठी नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तू लिहिलंस तेच. एक साधी गोळी दिलीय, रात्रीच्या जेवणानंतर. परतीच्या वाटेत यवतमाळ आलं. तेव्हा रजत म्हणाला, आई, दोन वर्षं मला काहून नाही सांगितलं. त्याने सुट्टी वाढवली आहे. रोज सकाळी बापाची दाढी करून देतो. दोघं आरशात एकमेकांकडे पाहून हसतात.

आता मी कोणाचं नाव मागून सांगत नाही. तू गेल्यावर भाऊबीजेला आलेल्या सगळ्यांना सांगून टाकलं, यांना आता आठवत नाही, तुम्हीच आपलं नाव सांगत जा. पहिल्यांदा जीभ अडखळली. मग हुस्नाबीने पुढे होऊन आपलं नाव सांगितलं, आणि तिच्यामागून सगळ्यांनीच सांगितलं.

काल संध्याकाळी वाती वळत बसले होते. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. मग पाहुण्या बाईला विचारावं तसं अदबीने विचारलं, "तुमी कोनाच्या घरच्या?" आधीची मी असते तर काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. म्हटलं, "तुमच्याच." तर ते म्हणाले, "बरं झालं. मले वाटलं, दिवेलागण झाली, आता तुमी जासान."

मी जाणार नाही म्हणून सांगितलं त्यांना. तूही येत जा.

तुझी,
काकू