मोजणीत एक विंचू कमी

मंगळवार, ३ जून

एक विंचू कमी भरला. पुन्हा मोजले, तरी तेच. मदतनीस एकेक खोके उघडत गेली, मी अतिनील दिवा फिरवत गेले. या दिव्याखाली विंचवाचे अंग हिरवट-निळे उजळते. पडदे ओढलेल्या खोलीत तो लपूच शकत नाही. कोपऱ्यातल्या खोक्यात मात्र नुसती वाळू. झाकणाची जाळी एका बाजूने उचललेली. त्यातला विंचू अजून पुरता वाढलेला नव्हता, पण विष पुरते.

नियम असा – मोजणी जुळेपर्यंत विंचू-कक्षाच्या प्रमुखाने संस्थेचे आवार सोडायचे नाही. कक्षप्रमुख मी. नियमाचा मसुदाही माझाच. तेव्हा संचालकांनी तो सभेत कौतुकाने वाचून दाखवला होता. आज फोनवर एवढेच म्हणाले, "तुमचाच नियम आहे मॅडम, मी काय बोलणार?"

लेकीची तारीख पुढच्या आठवड्यातली. पहिलेच बाळंतपण. शुक्रवारी निघते, असा शब्द दिला आहे.

बुधवार, ४ जून

कक्षाला लागून असलेल्या माझ्या खोलीत खाट टाकून घेतली. दारांच्या फटींना चिकटपट्टी, खिडकीला जाळी. मी आत, तोही आत.

फरशीच्या भेगा, नळाखालची मोरी, पडद्यांच्या घड्या – सगळीकडे दिवा फिरवला. काही नाही.

मदतनीस म्हणाली, "उपाशी मरेल हो बिचारा." मग मला राहवले नाही. तिला समोर बसवून समजावले. विंचवाने शरीराची भट्टी इतकी मंद ठेवलेली असते, की एका झुरळावर तो महिनेच्या महिने काढतो. वेगळे पाणी बहुधा लागत नाही. भक्ष्याच्या अंगातली ओल त्याला पुरते. ती उडून जाऊ नये म्हणून पाठीवर मेणाचा पातळ लेप. विष्ठासुद्धा जवळजवळ कोरडी! वाळू तापली, की खाली गारव्यात उतरायचे आणि वाट पाहायची. विषही हिशेबाने – भक्ष्य नुसत्या पकडीने आवरत असेल, तर नांगी उगारायचीच नाही. हा हरवलेला तर बरेच दिवस काही खातही नव्हता. काय ती काटकसर!

तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे आधी आपणच मरणार," म्हणाली.

शुक्रवार, ६ जून

लेकीचा फोन. "निघालीस?"

"नाही गं. एक सापडत नाहीये."

एक काय, ते तिने विचारले नाही. लहानपणापासून तिला ते विचारावे लागलेले नाही. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात," म्हणाली. "माझ्या आईचं बिऱ्हाड विंचवांच्या पाठीवर."

"तसं नसतं गं, पाठीवर पिल्लं असतात. ती जरा मोठी होईपर्यंत आई त्यांना घेऊनच –"

"बघ. विंचवाची आईसुद्धा बरी." तिने फोन ठेवला.

शनिवार, ७ जून

खिडकीतून दिसणारा रस्ता तोंडपाठ झाला आहे. त्यावरून सगळे कुठे ना कुठे जात असतात.

सोमवार, ९ जून

संचालकांना गाठले. म्हटले, दोन दिवस सोडा, लेकीचे तोंड पाहून परत येते. ते म्हणाले, "आज तुम्हाला सोडलं, तर उद्या कोणत्या तोंडाने दुसऱ्याला अडवू?" वाक्यात खोट काढता येईना.

न सांगता निघून जाता येईल. फाटकावर मला कोण अडवणार? पण खालच्या मजल्यावर विंचूदंशावरचे औषध बाटल्यांत भरणाऱ्या बायका चपला दाराशी काढतात, आणि सुटी झाली की न झटकता पायात घालतात. एवढे एक चित्र डोळ्यांपुढे आले, की बसल्या जागेवरून उठवत नाही.

मंगळवार, १० जून

औषधाची गाडी आज लेकीच्या गावी जाणार होती. गेले काही महिने शिवत आणलेली बाळाची दुपटी माझ्या खोलीतल्या कपाटात होती. मी नाही तर नाही, ती तरी जाऊ देत. पाठवण्यापूर्वी एकेक घडी दिव्याखाली धरली. साबणामुळे पांढरे कापड स्वतःच निळे चमकते. त्यात हिरवट असे कुठेच काही नव्हते. मग पिशवी बांधली, दोरीने घट्ट.

चालक म्हणाला, "ताईंना निरोप काय सांगू?"

"सांगा, आई अडकली आहे."

"ते त्यांना ठाऊक असणार," म्हणाला आणि गाडीत बसला.

गुरुवार, १२ जून

जावयांचा फोन. मुलगी झाली! दोघी सुखरूप. विहीणबाई दवाखान्यात आहेत, काळजी नसावी. लेकीला फोन द्या म्हटले, तर म्हणाले, "झोपली आहे." मागे तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

शुक्रवार, १३ जून

दुपारी कपाटाच्या खालच्या खणात दिवा धरला आणि मागच्या कडेला हिरवट-निळा उजेड! चिमट्याने अलगद उचलला. वजनच नाही. डोक्याच्या पुढच्या कडेला चिरलेली, आतून रिकामी. कात.

कात टाकल्यावर काही दिवस विंचवाचे नवे अंग मऊ आणि फिकट असते, आणि या दिव्याखाली उजळत नाही. हे मी दरवर्षी शिकवते. त्याचे खाणे सुटले होते ते काटकसरीने नव्हे. तो कात टाकायच्या तयारीत होता. म्हणजे मी ज्या ज्या जागेवर दिवा फिरवून 'इथे नाही' म्हटले, त्यातली एकही जागा तपासली गेलेली नाही.

आणि या खणात बाळाची दुपटी होती.

फोन लावते आहे. लेक उचलत नाही. जावयांचा व्यस्त.

शुक्रवार, संध्याकाळ

लागला. लेकीनेच उचलला. "ती पिशवी?" मी आधी तेच विचारले.

"आजच घरी सोडलंय मला. इथे खाटेखाली पडलीय. नाही उघडली. उघडणारही नव्हते. तुझा राग आला होता."

पिशवी तशीच स्टीलच्या बादलीत ठेवायला सांगितली. गुळगुळीत भिंतीवर विंचवाला चढता येत नाही. जावयांनी लांब उभे राहून काठीला बांधलेल्या विळ्याने दोरी कापली आणि काठीनेच घड्या उलगडल्या. तिसऱ्या घडीत निघाला. फिकट, जिवंत.

संचालकांना कळवले – मोजणी जुळवायची, तर आता मला तिकडे जाणे भाग आहे. त्यांनी लेकीचा पत्ता विचारला. मग म्हणाले, "गाडी पाठवतो."

लेकीला सांगितले, निघते आहे.

"त्याच्यासाठी येतेयस ना?"

मी चिमटा पर्समध्ये टाकत होते.

"ये," ती म्हणाली. "पण आधी हिला घ्यायचं. मग त्याला."